नडगीला नमस्कार

चहा घ्या आधी. बिस्किटं जरा मऊ पडलीत, चालवून घ्या. मीही काही आज कडक नाही.

माझी जी शोभा झाली ती तुम्ही तुकड्यातुकड्यानं ऐकलीच असणार. परवा मंडईत कोथिंबीरवालीसुद्धा मला बघून पदरात तोंड घालून हसली. म्हटलं, दुसऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपली फजिती आपणच नीट सांगून टाकावी. निदान मीठ तरी आपल्या हातचं!

तर तुम्हाला माहीतच आहे, मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. म्हणजे नेमणूक भूगोलाची आहे. प्रत्यक्षात काय काय करते ते विचारू नका. मतदारयादी घेऊन दारोदार मी फिरते, गॅदरिंगच्या साड्या मी गोळा करते, प्रार्थनेला कुणाला चक्कर आली की कांदा मी फोडते. आणि गेली कित्येक वर्षं शाळेच्या खिचडीची पहिली चव मी घेते.

हसताय काय? नियमच आहे तसा. मुलींना वाढण्याआधी एका शिक्षकानं खाऊन बघायचं. काही भलतंसलतं असलंच तर आधी बाई आडवी होईल, असा साधा विचार. सोमवारी खिचडी, मंगळवारी खिचडी, आणि मधे कधी मसालेभात म्हणून जे येतं तेही खिचडीच. मला आता स्वप्नातसुद्धा पिवळं दिसतं. डॉक्टर म्हणाले, "पित्त फार वाढलंय, दुपारचा भात बंद करा." मी म्हटलं, "डॉक्टर, हे तुम्ही आमच्या मोठ्या बाईंना सांगाल का?" त्यांनी लगेच पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांची मुलगी आमच्याच शाळेत आहे.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंच, भरदार, आवाज असा की तळमजल्यावर बोलल्या तर गच्चीवरची कबुतरं उडतात. त्यांच्या डोळ्यांत कधी कुणी पाणी पाहिलं नाही. निरोप समारंभात अख्खी दहावी हमसाहमशी रडत असते आणि ह्या माईकवरून सांगत असतात, "रडून झालं की खुर्च्या उचला."

एके दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी ओळखलं, काहीतरी गळ्यात पडणार.

"बाई, वरून पत्र आलंय. मुलींना स्वसंरक्षण शिकवायचंय. कराटेचे सर दर शनिवारी येतील. बाकीचे दिवस सराव आपल्यातल्या एका बाईंनी घ्यायचा."

"पण खेळाच्या बाई..."

"ती जागा रिकामी आहे, तुम्हाला माहितीये. आणि तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार?"

झालं! हे वाक्य आलं की माझं संपतं. माझ्या पोटात 'नाही' तयार होतं, घशापर्यंत व्यवस्थित येतं, आणि ओठांवर येईस्तोवर त्याचं 'बरं' होतं. पन्नाशी उलटली तरी सवय गेली नाही. पण त्या दिवशी कुठून अवसान आलं कोण जाणे, मी म्हटलं, "बरं. पण मग माझी खिचडी काढा."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गॅदरिंगला मुलींचं प्रात्यक्षिक चांगलं झालं, तर दुसऱ्या दिवसापासून खिचडी गणिताच्या सरांकडे. शब्द दिला."

मी घरी जाऊन देवापुढे साखर ठेवली. खरंच ठेवली!

पहिल्या शनिवारी कराटेचे सर आले. सिद्धाराम सर, मूळचे अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचे. काडीसारखे बारीक, पण कमरेला काळा पट्टा. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि मैदानावर जपानी. मुलींना रांगेत बसवून म्हणाले, "पोरींनो, माणूस किती बी दांडगा असू दे, त्याच्या अंगावर नाजूक जागा असतातच की. तितंच मारायचं." मग त्यांनी आपल्या पायाच्या पुढच्या हाडावर, गुडघ्याच्या खाली, बोट ठेवलं. "ही कंची जागा?"

"नडगी!" मुली ओरडल्या.

"हिला जपानीत म्हणतात, बेंकेई नो नाकिदोकोरो."

मुली खिदळल्या. मी मात्र कान टवकारले. जपान मी वर्षानुवर्षं शिकवतेय. बेटं, भूकंप, ज्वालामुखी, मासेमारी. जपानी माणसाला नडगी असते हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सरांनी अर्थ सांगितला. बेंकेई हा त्यांच्याकडचा जुन्या काळातला महाबलाढ्य लढवय्या. कुणाला हार जाणारा नव्हे. पण त्याच्याही नडगीवर तडाखा बसला तर तो रडेल. म्हणून ती बेंकेईची रडायची जागा.

मला हे फार आवडलं हो. अगदी मनापासून आवडलं. आपल्याकडे नडगी म्हणजे नडगी, बाकाच्या कोपऱ्यावर आपटायची, 'आई गं' म्हणायचं आणि पुढं जायचं. त्या लोकांनी त्या दुखण्याला केवढा मान दिलाय बघा. दांडग्यालाही रडायची एक जागा ठेवलीय. त्या रात्री भांडी घासताना मी तेच पुटपुटत होते. आमच्या ह्यांनी विचारलं, "कसला मंत्र म्हणतेयस?"

आता खरी गोम ऐका.

सरांनी दुसऱ्या शनिवारी मला पुढं बोलावलं. त्यांनी पायांना पॅड बांधले होते. "बाई, मी गुंडा. मारा माज्या नडगीवर. हितं. जोरात!"

मी ड्रेसची ओढणी कमरेला खोचली, डोळे मिटले आणि मारली लाथ. बरी लागली. आणि लागल्या क्षणी मी खाली वाकले, सरांच्या पायाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

रांगेतल्या मुली माना उंचावून बघायला लागल्या.

"बाई, हे काय करायलाव?"

"अहो, पाय लागला ना तुम्हाला!"

तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? लहानपणापासून अंगात भिनलेलं आहे. वहीला पाय लागला, नमस्कार. पाटाला पाय लागला, नमस्कार. अक्कलकोटच्या एसटीत उभ्यानं जाताना कुणाच्या चपलेला चप्पल घासली तरी माझा हात आधी खाली जातो आणि मग कपाळाला. तो माणूस ओळखीचा असो नसो. ते काही मी करत नाही, तो हातच करतो.

सर कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, चोराला लाथ मारल्यावर पळायचं असतंय! पाया पडत बसला तर तो काय आशीर्वाद देणारे व्हय?"

"पुन्हा नाही होणार," मी म्हटलं. लगेच दुसरी लाथ मारली. पुन्हा झालं.

घरी ह्यांच्यावर सराव करून बघितला. हे लुंगी लावून पेपर वाचत बसले होते. म्हटलं, "अहो, जरा उभे राहा, हळूच मारते." हळूच मारली. हात गेलाच खाली. ह्यांनी पेपर न काढता माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अखंड सौभाग्यवती भव. चहा टाक आता."

आणि तेवढ्यात सिद्धाराम सरांच्या घरी लग्न निघालं. बहिणीचं. सर मैंदर्गीला जाऊन बसले. जाताना म्हणाले, "मी एकदम कार्यक्रमालाच येतो की. तवर तुमी घ्या सराव. वाळूचं पोतं टांगा, त्याला लाथ मारायला लावा. फक्त एकच लक्षात ठेवा..."

"आलं लक्षात," मी म्हटलं.

आता वाळू आणायची कोणी? पोतं भरायचं कोणी? टांगायचं कोणी? शिपाईमामांची कंबर धरलेली, माझी तर कायमचीच धरलेली. चार वाजले की मला खुर्ची दिसली तरी रडू येतं. मी इकडंतिकडं पाहिलं. खिचडीच्या कोठीची किल्ली माझ्याच कमरेला! आत तांदळाची पोती उभी आहेत रांगेनं, एकदम गुंडाच्या मापाची. मी एक पोतं मुलींकडून व्हरांड्यात सरकवून घेतलं, भिंतीला टेकवलं आणि मनात म्हटलं, खिचडीनं जन्मभर मला छळलं, आता खाऊ दे लाथा.

पहिली आली लावण्या. आठवीतली, शहराच्या पूर्व भागातल्या विणकरवस्तीतली, घरी यंत्रमाग, घरात तेलुगू. चपळ पोरगी! तिनं अशी लाथ मारली की पोतं कण्हलं. आणि मग ती थबकली.

"बाई, आत तांदूळ हाय की."

"मग?"

"अन्नाला पाय लागला की, बाई."

खरं होतं तिचं! अन्नाला लाथ मारून तसंच पुढं जा, असं मी पोरींना शिकवू? म्हटलं, "कर नमस्कार आणि हो बाजूला. पुढची!"

पुढचीनं लाथ मारली, नमस्कार केला. तिच्या पुढचीनंही. रांग लांबलचक, ऊन तापलेलं, माझ्या पोटात खिचडी. मी भिंतीला टेकून जपानी आकडे म्हणायला लागले. "इची!" म्हटलं की लाथ. "नी!" म्हटलं की नमस्कार. "सान!" म्हटलं की बाजूला. काय लय बसली म्हणून सांगू! रोज तास तास. पोरी झोपेतसुद्धा करतील इतकं पक्कं झालं. मी स्वतःवर खूश होते. मनात म्हणत होते, गणिताचे सर, तयार ठेवा चमचा.

आणि मला एकदाही, एकदाही वाटलं नाही की गॅदरिंगला समोर पोतं नसणार आहे.

गॅदरिंगचा दिवस उजाडला. मांडव भरलेला. पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष, शेजारी शिक्षणखात्याचे साहेब, त्यांच्या शेजारी मोठ्या बाई जरीच्या साडीत. सिद्धाराम सर लग्नातल्या हळदीचा पिवळेपणा अंगावर घेऊनच आले आणि थेट गुंडाच्या वेषात शिरले. गड्ड्याच्या जत्रेतला काळा गॉगल, खोट्या मिशा, गळ्यात रुमाल. पँटच्या आत पॅड. आल्या आल्या मला विचारलं, "बाई, पोरी तयार?"

"एकदम पक्क्या!" मी म्हटलं. आणि पडद्यामागे उभी राहिले.

सर डुलत डुलत रंगमंचावर आले. लावण्या दप्तर घेऊन समोरून आली. सरांनी तिची वाट अडवली. लावण्यानं असा काही आवाज काढला की साहेब खुर्चीत मागं सरकले, आणि सण्णकन लाथ! बरोब्बर नडगीवर. टाळ्या! सर पाय धरून कळवळले. लोकांना वाटलं काय अभिनय आहे. पॅड सरकले होते हे फक्त सरांना ठाऊक.

आणि मग लावण्या वाकली. सरांच्या पायाला हात लावला. हात कपाळाला. आणि बाजूला झाली.

टाळ्या अर्ध्यात थांबल्या.

दुसरी आली. लाथ, नमस्कार, बाजूला. तिसरी आली. लाथ, नमस्कार, बाजूला. मांडवात आधी खुसखुस, मग हशा. रांग काही संपेना. सर दर लाथेला "अय्यय्यो" म्हणत होते आणि मधल्या मधे, मिशा तोंडात जात असताना, पडद्याकडे बघून विचारत होते, "बाई, काय शिकवलाव हो ह्यांना?"

मी पडद्याआडून हात हलवले. नको, नको! पोरींना कळेना. मग मी कळवळून दोन्ही हात जोडले, म्हणजे थांबा गं बायांनो, पाया पडते तुमच्या. ते मात्र त्यांना कळलं! पुढचीनं लाथ मारली आणि दोन्ही हातांनी, गुडघे टेकून, नमस्कार घातला. तिच्या मागच्यांनीही तेच धरलं. सर खाली कोसळले तेव्हा उरलेल्या पोरी त्यांच्याभोवती गोल करून वाकल्या.

लावण्याला मी पडद्यामागे खेचलं. "अगं, हे काय केलंत?"

ती घाबरून म्हणाली, "बाई, तुमीच शिकवलं की!"

मागच्या खुर्च्यांवरून एका आजींचा आवाज आला, "बरं केलं की! पाय लागल्यावर पाया पडावं न्हाय तर काय!"

मी पडद्याच्या दोरीला धरून उभी होते. मला डोळ्यांपुढं स्पष्ट दिसत होतं, पातेलं, वाफ आणि पिवळा डाव. गेली. माझी सुटका गेली.

आणि तेवढ्यात शिक्षणखात्याचे साहेब माईकपाशी गेले. रुमालानं डोळे पुसत होते. हसून पुसत होते की रडून, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणाले, "मी अनेक शाळांमधलं कराटे पाहिलं. पण दुर्जनाला शासन करून पुन्हा त्याच्यातल्या माणसाला वंदन करणारं कराटे मी आज प्रथम पाहतोय! हे संस्कार कोणी केले? त्या बाई कुठं आहेत?"

मला पडद्यामागून ओढून काढण्यात आलं. हार घातला. मी 'अहो, ते तांदूळ' एवढंच म्हणू शकले. ते माईकमध्ये गेलंच नाही. साहेबांनी जाहीर केलं, "हा प्रयोग अक्कलकोट तालुक्यातल्या सगळ्या शाळांत झाला पाहिजे. बाई स्वतः जाऊन शिकवतील."

टाळ्या! आता मात्र न थांबणाऱ्या. सिद्धाराम सर लंगडत माझ्याजवळ आले. दोन्ही नडग्या टमाट्यासारख्या लाल. म्हणाले, "बाई, बेंकेई एकदा रडला आसंल. मी आज मोजदाद सोडली."

रात्रभर झोप नाही. सकाळी उठले ती ठरवूनच. म्हटलं, बास. फार झालं. आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलं, "नाही. जमणार नाही." पुन्हा म्हटलं. ह्यांनी आतून विचारलं, "काय जमणार नाही? डबा?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही हो."

शाळेत गेले ती सरळ केबिनमध्ये. गॅदरिंगच्या सगळ्या खुर्च्या आत आणून रचलेल्या, त्यामुळं मोठ्या बाई आणि मी अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. त्यांनी पेढा पुढं केला.

"बाई, शाळेचं नाव काढलंत. आता सोमवारपासून मैंदर्गी, मग पुढची गावं. एसटी भर दुपारची असते."

"आणि खिचडी?"

"अहो, प्रात्यक्षिक चांगलं झालं तर, असं ठरलं होतं. आता आपल्यातली गोष्ट, लाथ मारून पाया पडणं याला काय चांगलं म्हणायचं? साहेब भोळे आहेत, मी नाही. खिचडी तुमच्याकडेच राहू द्या. निघायच्या आधी चव बघून जात जा. तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

माझ्या पोटात 'नाही' तयार झालं. घशापर्यंत आलं. या वेळी ओठांवर आलं तेही 'नाही' म्हणूनच आलं! ते बाहेर टाकायला मी तिरीमिरीत उठले. आणि उठताना माझा पाय, इतक्या दिवसांच्या सरावाचा पाय, सगळ्या जोरानिशी मोठ्या बाईंच्या नडगीवर बसला.

"आई गंऽऽ!"

गच्चीवरची कबुतरं उडाली. आणि मी डोळ्यांनी पाहिलं, मोठ्या बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गालावरून खाली आलं. कधी कुणाला दिसलं नव्हतं ते पाणी! सिद्धाराम सर खोटं बोलत नव्हते. समोर आमची बेंकेई रडत होती, पेढ्याचा पुडा हातात धरून. हीच वेळ होती. आता म्हटलं असतं तर जन्माची सुटले असते.

पण माझा हात? तो केव्हाच खाली गेला होता.

मी वाकलेली, माझा हात त्यांच्या पायाला लागलेला, तिथून कपाळाला. ओठांवरचं 'नाही' गिळलं गेलं. आणि माझ्या डोक्यावर मोठ्या बाईंचा जड, प्रेमळ हात टेकला.

"असू दे हो, असू दे," त्या नाक ओढत म्हणाल्या. "मला माहीतच होतं, तुम्ही नाही म्हणणार नाही."

सोमवारी मैंदर्गीला निघालेय. खिचडीची चव बघून.